शर्यतीचें जनावर आणि वंशाचें मोल

इ. स. १९८३ सालीं अमेरिकेंतील केंटकी प्रांतीं कीनलंड येथील लिलावांत एका वर्षाचें एक शिंगरूं १ कोट २ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. बाप नॉर्दर्न डान्सर हा नामांकित वळू. यापलीकडे त्या शिंगराचें कर्तृत्व तें काय असणार! पुढें त्याचें नांव स्नाफी डान्सर ठेविलें. तें एकाही शर्यतीस उभें राहिलें नाहीं. पैदाशीस लाविलें तेव्हां वंशही चार शिंगरांपलीकडे वाढला नाहीं. उलट १९७५ सालीं त्याच प्रांतांत अवघ्या १७,५०० डॉलरांस घेतलेल्या सिअ‍ॅटल स्लू नामक घोड्यानें १९७७ सालीं अमेरिकेंतील तिन्ही थोर शर्यती जिंकिल्या; तोंवर तो एकदांही हरला नव्हता.

परदेशच्या घोड्यांचें हें पुराण आपल्या मासिकांत कशासाठीं, असें वाचक विचारतील. १८ मे २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपल्या राज्याचा बैलगाडा शर्यतीसंबंधीचा कायदा ग्राह्य धरिला. आतां आमच्या बाजूस ‘अमक्या वळूचा खोंड’ एवढ्या शब्दांवर भाव ठरूं लागले आहेत. नोकरीच्या अखेरच्या वर्षीं एका गृहस्थाच्या चार एकरांवरील बोजाची नोंद मीं स्वतः केली. रक्कम खोंडासाठीं घेतलेली. खोंड पहिल्याच उन्हाळ्यांत पायानें अधू झाला. बोजा मात्र जागच्या जागीं आहे.

शर्यतीच्या थॉरोब्रेड घोड्यांची वंशावळीची वही इंग्लंडांत १७९१ पासून छापली जाते. आमच्या महसुली दप्तरांतही इतकी अखंड नोंद क्वचितच सांपडेल. त्या वहीप्रमाणें या जातीच्या सर्व घोड्यांचे पितृकुळ तीनच मूळपुरुषांकडे जातें, आणि त्यांतही शेंकडा ९५ घोडे एकट्या डार्ले अरेबियन याचे वंशज ठरतात. जेथें सर्वच एका घराण्याचे, तेथें घराण्याचा अभिमान कोणीं कोणापुढें मिरवावा?

वंशाला मोल नाहीं असें मात्र माझें म्हणणें नाहीं. डब्लिन येथील विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, स्नायूंच्या वाढीस आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकाचीं दोन रूपें या घोड्यांत आढळतात. आईबापांकडून एकच रूप दुहेरी आलें तर घोडा आखूड शर्यतीस जुळतो, दुसरें दुहेरी आलें तर लांब पल्ल्यास, व मिश्र आलें तर मधल्या अंतरास. परंतु हें जनुक अंतर सांगतें; पहिला कोण येईल तें सांगत नाहीं.

तें पुष्कळसें देहाच्या घडणीवर व मेहनतीवर ठरतें. उभ्या घोड्याचें हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतें. भरधाव असतां तेंच सवादोनशेंच्या घरांत जातें. धांवूं लागतांच प्लीहा आपल्यांत सांठविलेल्या तांबड्या पेशी रक्तांत सोडते, आणि रक्तांतील त्यांचें प्रमाण शेंकडा चाळिसावरून साठीपर्यंत चढतें. फार लॅप नांवाचा घोडा १९२८ सालीं अवघ्या १६० गिनींस घेतलेला; त्याचें सुमारें सहा किलोंचें हृदय आज कॅनबेरा येथील संग्रहालयांत ठेविलेलें आहे. सामान्य घोड्याचें चार किलोंच्या आसपास असतें. त्यांत जन्मजात किती व कमावलेलें किती, हें तें नुसतें पाहून सांगतां येणार नाहीं.

हाडांची गोष्ट आमच्या अधिक कामाची. हाड बेताबेतानें भार पडल्यानेंच दाट होतें. कोंवळें जनावर बांधून ठेवून मग एकदम पळविलें, कीं नळी दुखावते. घोड्यांच्या तबेल्यांत हा अनुभव नित्याचा आहे. बैल रवंथ करणारा प्राणी, म्हणून घोड्याचा खुराक त्याला लावूं नये हें खरें. पण हाडाचा हा नियम दोघांनाही सारखाच.

आणखी एक. खोंड घेणारा बापाची कीर्ति विचारतो, आईची चौकशी करीत नाहीं. वंशाचा निम्मा वांटा तिचा; शिवाय पेशींत शक्ति निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रिया या कणांतील जनुकें केवळ तिच्याकडून येतात, बापाकडून मुळींच नाहींत. दूध पाजून वाढविणारीही तीच. आपल्या संस्थेनें खिलार जनावरांची एक वही उघडावी, तींत वळूइतकीच गाईचीही नोंद असावी, आणि खोंड कोणत्या वयांत किती पळविला व कधीं लंगडला तेंही लिहावें. ज्या सभासदांजवळ अशीं टिपणें असतील, त्यांनीं तीं संपादकांकडे अवश्य पाठवावीं. नोंदी नीट मांडून देण्याचें काम मी विनामूल्य करीन.