बरखास्तीविना प्रशासक

राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि प्रशासकीय राजवटीचे एक दीर्घ पर्व संपले. मुंबईत हे पर्व मार्च २०२२ पासून सुरू होते. नवी मुंबईत तर मे २०२० पासून. राज्यघटनेने एका सभागृहाला दिलेल्या पाच वर्षांच्या मुदतीहूनही अधिक काळ नवी मुंबईकरांना नगरसेवकाविना काढावा लागला. विशेष म्हणजे या दोन्ही महापालिका शासनाने बरखास्त केलेल्या नव्हत्या. स्थानिक स्वराज्य संस्थांवरील शासनाच्या अधिकारांचा वाद गेल्या चार दशकांत कोठून कोठे पोहोचला, हे यावरून ध्यानात यावे.

या वादातील महत्त्वाचा निर्णय १९८० चा आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्लीचे तत्कालीन नायब राज्यपाल जगमोहन यांनी नवी दिल्ली नगरपालिका समिती अधिक्रमित केली. समितीचे म्हणणे मात्र ऐकून घेण्यात आले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गैरकारभाराची वस्तुस्थिती उघड असल्याने सुनावणीने काही फरक पडला नसता, असा युक्तिवाद झाला. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने तो फेटाळला. बाजू मांडण्याची संधी नाकारणे हाच अन्याय आहे. त्यासाठी वेगळे नुकसान दाखविण्याची गरज नाही, असे न्यायालयाने बजावले. परंतु निकाल सप्टेंबरमध्ये लागला आणि समितीची मुदत ऑक्टोबरच्या प्रारंभीच संपत होती. त्यामुळे आदेश सदोष ठरूनही समिती पुन्हा अधिकारावर आली नाही. अशा खटल्यांत तत्त्वाचा विजय झाला तरी मुदत परत मिळत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

त्या काळी राज्य शासनांचे हात बऱ्याच अंशी मोकळे होते. नगरपालिका बरखास्त करावी, प्रशासक नेमावा आणि त्याला मुदतवाढ देत राहावे, हा शिरस्ताच पडला होता. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने त्याला पायबंद घातला. अनुच्छेद २४३-यू नुसार पालिकेची मुदत पाच वर्षे आहे, त्याहून अधिक नाही. बरखास्तीपूर्वी पालिकेला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक घेणे बंधनकारक आहे. उर्वरित मुदत सहा महिन्यांहून कमी असेल तेवढाच अपवाद. चालू कायद्यात दुरुस्ती करून अस्तित्वातील सभागृह मुदतीपूर्वी घरी पाठविण्याची वाटही याच अनुच्छेदाने बंद केली.

पंचायतींसाठीच्या अनुच्छेद २४३-ई मध्ये सुनावणीची अट तितक्या स्पष्ट शब्दांत नाही. तरीही घाऊक बरखास्ती आता पचत नाही, याचा अनुभव पंजाबने घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील सरकारने १३ हजारांहून अधिक ग्रामपंचायती मुदतीपूर्वीच विसर्जित केल्या. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात आव्हान मिळताच, महिना संपण्याच्या आत सरकारने अधिसूचना मागे घेण्याची तयारी दाखविली.

उघड बरखास्ती अशी अवघड झाली असली, तरी मुदत संपल्यावर निवडणूकच झाली नाही तर काय, हा प्रश्न उरतोच. बरखास्तीच्या बाबतीत न्यायालयापुढे आव्हान देण्याजोगा आदेश असतो, कारणे असतात. निवडणूक लांबते तेव्हा रद्द करावा असा आदेशच समोर नसतो. प्रभागरचना, मतदारयाद्या, आरक्षण अशी कारणे एकामागून एक पुढे येतात आणि त्यातील प्रत्येक कारण सुटे पाहिले तर सयुक्तिकही वाटते. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट ओळखली होती. नैसर्गिक आपत्तीसारखी अपवादात्मक परिस्थिती वगळता मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक झाली पाहिजे, असे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले.

महाराष्ट्रात तरीही उलटेच घडले. मार्च २०२१ च्या निकालाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला तिहेरी कसोटी लागू झाली. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाने स्वतःकडे घेतले. त्यानंतर सत्तांतर झाले आणि मुंबईची प्रभागसंख्या २३६ वरून पुन्हा २२७ वर आली. त्यावरून नवे वाद उभे राहिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला. ही कोंडी थेट ६ मे २०२५ रोजी फुटली. चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करण्याचा तो आदेशही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावा लागला. दोष केवळ एका सरकारचा नाही. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी नियम बदलले आणि न्यायालयीन विलंबाचाही यात वाटा आहे.

या विलंबाची किंमत नागरिकांनी मोजली. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. तो आयुक्तांनी मांडला आणि प्रशासक या नात्याने त्यांनीच मंजूर केला. स्थायी समिती नव्हती, सभागृह नव्हते, कोणत्या रस्त्यासाठी किती पैसा याचा जाब विचारणारा निर्वाचित सदस्यही नव्हता. नगरसेवकांच्या कारभाराविषयी नागरिकांच्या तक्रारी कमी नाहीत. परंतु नगरसेवकाला मतदार पाच वर्षांनी बदलू शकतो, प्रशासकाला नाही.

आता नवी सभागृहे आली, म्हणून प्रश्न मिटला असे मानणे धोक्याचे ठरेल. प्रभागरचना आणि आरक्षणाचे काम मुदत संपण्याच्या किमान वर्षभर आधी पूर्ण करण्याचे बंधन कायद्यात घालता येईल. प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडे परत देण्याचाही विचार व्हावा. बरखास्तीवर घटनेने सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. मुदत संपल्यानंतरच्या प्रशासकालाही तशीच निश्चित मर्यादा लागू झाली नाही, तर पाच वर्षांनी हाच वाद पुन्हा न्यायालयाच्या दारात उभा राहील.