पंच नसलेला खेळ

दर रविवारी सकाळी मी अल्टिमेट फ्रिस्बी शिकतो. नियम तासाभरात कळले. सात विरुद्ध सात खेळाडू, १७५ ग्रॅमची डिस्क. डिस्क हातात असताना धावायचं नाही, बचाव करणाऱ्याने दहा मोजायच्या आत पास द्यायचा, समोरच्या एन्ड झोनमध्ये झेलली की एक गुण. बॅकहँड महिनाभरात जमला, फोरहँडला मनगट अजून साथ देत नाही. सगळ्यांनी डिस्कमागे न पळता मधे रांग करायची आणि एकेकाने मोकळ्या जागेत सुटायचं, हेही अंगवळणी पडलं.

जड गेला एकच नियम. इथे पंच नसतो. जागतिक स्पर्धेतही फाऊल खेळाडूच सांगतात. एकमत झालं नाही, तर डिस्क फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ पुढे चालू राहतो.

गेल्या महिन्यात शेवटचा झेल घेताना माझा पाय रेषेवर पडला. रेषेवर म्हणजे बाहेर. समोरच्या संघातल्या मुलीने विचारलं, “दादा, पाय आत होता ना?” मी “हो” म्हणालो. तिने लगेच मान्य केलं. आम्ही जिंकलो. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगताना घाम फुटला.

ऑफिसात माझा कोड दुसरा तपासतो, सिग्नलला कॅमेरा असतो. कुणी बघतंय म्हणून नीट वागायची आपल्याला सवय झाली आहे. मित्रांनो, मुलामुलींचे मिश्र संघ करून हा खेळ खेळून बघा. वाद घालायचा, ऐकून घ्यायचं आणि चूक कबूल करायची, याचा सराव दुसरीकडे फारसा मिळत नाही.