मखमलीच्या पेटीतलं पिस्तूल

दोस्तहो, मागल्या अंकात आपल्यातल्याच एका कवीनं पिस्तुलावर कविता लिहिली. कविता जोरकस आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानं मागितलंय कुठलं पिस्तूल? अमेरिकेतलं. हस्तिदंती मुठीचं, मखमलीच्या पेटीतलं, आरशागत पॉलिशचं. आणि कविता छापून आल्यावर वस्तीतल्या चार पोरांनी तसल्याच पिस्तुलाचं चित्र मोबाईलच्या स्टेटसला लावलं. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

पिस्तूल चांगलं का वाईट हा माझा सवालच नाही. अहिंसेचं कीर्तन करायला मी काय बुवा नाही. माझा सवाल सरळ आहे. ज्या वस्तूचं स्वप्न तुम्ही बघता ती कुणी घडवली, कुणावर चालवून बघितली, कोण जमवतो, आणि आपल्यासारख्याच्या हातात गेली की तिचं काय होतं?

मी सूतगिरणीत रिंगखात्यात. रात्रपाळीला जागं राहायला वाचत असतो, मिळेल ते. वर्षभर ह्या पिस्तुलांचंच वाचलं, बघितलं. आणि खोटं का बोला, पहिल्यांदा जीव त्यांच्यावर गेला. यंत्राजवळ उभा राहणाऱ्याचा जाणारच.

आर्कान्सा नावाच्या राज्यात बेरीव्हिल हे एक छोटं गाव. तिथं महागड्या पिस्तुलांच्या दोन नावाजलेल्या कंपन्या. विल्सन कॉम्बॅट १९७७ सालची. तिचा मालक बिल विल्सन मूळचा घड्याळं दुरुस्त करणारा. दुसरी नाइटहॉक कस्टम, २००४ सालची. तिथं एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवतो. सांगाडा आणि वरची सरकती पट्टी एकमेकांवर कानशीनं, पॉलिशच्या पेस्टनं अशी बसवायची की हलवली तर खुळखुळ नाही आणि ओढली तर अडकाव नाही. नळी हातानं बसवायची. मुठीच्या पुढच्या बाजूला बोटं घसरू नयेत म्हणून चौकटीच्या रेघा कोरायच्या, एका इंचात पंचवीस, तीस. आपण कापडाच्या इंचात धागे मोजतो ना, तसं. लेस बेअर म्हणून आणखी एक पिस्तूलवाला आहे. तो हमी देतो की पन्नास यार्डांवरनं झाडलेल्या गोळ्या तीन इंचांच्या घेरात पडतील. जादा पैसे मोजा, दीड इंचात.

ही कारागिरी आहे. तिला मी हात जोडतो. पण पुढं बघा. नाइटहॉकचा कारागीर आपल्या नावाची आद्याक्षरं पिस्तुलावर ठोकतो. कुठं? मुठीच्या फळीखाली. स्क्रू काढून फळी उचलल्याशिवाय दिसत नाहीत. कंपनीचं नाव बाहेर, घडवणाऱ्याचं आत, झाकलेलं. (तरी त्याचं नशीब. माझ्या सुताच्या कोनावर माझं बोटसुद्धा उमटू देत नाहीत, डाग पडला म्हणून पगार कापतात.) किंमत तीन-चार हजार डॉलरपासून वर. म्हणजे आपले अडीच ते साडेतीन लाख. माझा पगार चौदा हजार. मधलं तीन लाखांचं धरलं तरी हिशेब करा, पावणेदोन वर्षं न जेवता काम करायचं आणि एक पिस्तूल घ्यायचं.

आता हे पिस्तूल आलं कुठनं? ह्या दोन्ही कंपन्यांचं नाव ज्या नमुन्यावर झालं तो मूळ नमुना १९११ सालचा. जॉन ब्राउनिंगनं आखला, अमेरिकन लष्करानं त्या साली मार्चमध्ये घेतला. म्हणून त्याला नाइन्टीन-इलेव्हन म्हणतात. त्याची गोळी एवढी जाड का, पॉइंट पंचेचाळीस इंचाची? कारण अमेरिकेनं फिलिपाईन्स गिळायला घेतलं तेव्हा तिथले मोरो लोक अंगावर धावून यायचे आणि पॉइंट अडतीसची गोळी खाऊनसुद्धा थांबायचे नाहीत. आपली जमीन वाचवणारा माणूस एका गोळीत पडत नाही, ही गोऱ्यांची अडचण! मग १९०४ साली माणसांच्या प्रेतांवर आणि शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर गोळ्या झाडून मापं घेतली. हाड किती फुटतं, जनावर किती वेळात कोसळतं. मेलेली ढोरं ओढणं ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात बांधलं होतं, त्यांनी तरी ही गोष्ट नीट वाचावी. मखमलीखाली ती गुरं आहेत, ती बेवारशी प्रेतं आहेत, आणि ते मोरो आहेत.

शौकीन जमवणाऱ्यांची तऱ्हा तर अशी की मला वाचता वाचता हसू फुटलं. जर्मनीचं जुनं लुगर पिस्तूल घ्या. त्याच्या भागाभागावर बारीक आकडे ठोकलेले असतात. सगळे आकडे जुळले तर भाव चढा. एखादा भाग दुसऱ्या लुगरचा निघाला तर किंमत धाडकन खाली. गोळी तशीच सुटते बरं का, फरक काही नाही. पण वंश शुद्ध नाही! लोखंडावरची मूळची निळी झिलई उडाली आणि कुणी नवी चढवली, तर ते बाटलं. मूळ पेटी पाहिजे, मूळ कागद पाहिजे, आधी कुणाकुणाकडं होतं त्याची वंशावळ पाहिजे. आणि सगळ्यात मानाचं कुठलं, तर जे कधी झाडलंच नाही, तिजोरीत ठेवलं आणि पांढरे हातमोजे घालून बाहेर काढलं. शिवायचं नाही! सोवळं ह्याहून काय वेगळं असतं? आपल्या देशातनं जगाला काय गेलं म्हणतात, हे गेलं असावं.

सिंगर कंपनीचं ऐका. शिलाई मशीनवाली सिंगर. आईनं ज्या नावाच्या मशीनवर वस्तीभरचे ब्लाउज शिवून मला दहावीपर्यंत नेलं, तीच. तिनं १९४१ च्या सुमारास अमेरिकन लष्करासाठी फक्त पाचशे पिस्तुलं केली आणि पुन्हा हात लावला नाही. आज जमवणारे त्या पाचशेसाठी जीव टाकतात, लिलावात लाखाच्या घरात डॉलर मोजतात. त्याच कंपनीची शिलाई मशीन मोडीत किलोवर जाते. जिच्यावर पोरं जगली ती भंगार, आणि जे पेटीत पडून राहिलं ते रत्न.

आणि मारणाऱ्याच्या हातातलं असेल तर विचारू नका. पॅट गॅरेट ह्या शेरीफनं १८८१ साली बिली द किडला ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरनं मारलं, ते २०२१ साली साठ लाख डॉलरवर विकलं गेलं. बरं, ते जुनं झालं म्हणू. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा काळा पोरगा दुकानातनं गोळ्या-चॉकलेट घेऊन परत चालला होता. हातात हत्यार नाही. वस्तीची राखण करणाऱ्या एकानं त्याला पिस्तुलानं मारलं, आणि २०१३ साली कोर्टातनं सुटला. पिस्तूल साधं, दुकानात काही शे डॉलरला मिळणारं. २०१६ साली त्यानं तेच पिस्तूल लिलावात काढलं. अमेरिकेच्या इतिहासाचा तुकडा म्हणून! बोली सुरू पाच हजार डॉलरपासून. स्वस्तातलं लोखंड मौल्यवान कशानं झालं? त्यावर नक्षी नव्हती, हस्तिदंत नव्हतं. एका काळ्या पोराचं रक्त तेवढं होतं. कवी दोस्ता, तुझ्या कवितेतल्या पिस्तुलाच्या बाजारात आपला माणूस कुठल्या जागी उभा असतो, ते इथं दिसतं.

कुणी म्हणेल, अमेरिकेत तर सगळ्यांना हक्क आहे, घटनेतच लिहिलंय. लिहिलंय. पण वाचायचं कसं? १८५७ साली ड्रेड स्कॉटच्या खटल्यात तिथल्या सरन्यायाधीशानं काळ्यांना नागरिक मानायला नकार दिला, आणि भीती काय घातली? नागरिक मानलं तर हे कुठंही शस्त्र घेऊन फिरतील. गुलामी संपली, तर १८६५ साली मिसिसिपीनं कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्यानं परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा, मोठा सुरासुद्धा बाळगायचा नाही. १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब टाकला. त्यानं पिस्तुलाचा परवाना मागितला. नाकारला.

मग ब्लॅक पँथर आले. १९६६, ओकलंड. कायद्याचं पुस्तक एका हातात आणि भरलेली बंदूक दुसऱ्या हातात घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरायचे. कॅलिफोर्नियात तेव्हा ते कायदेशीर होतं. मे १९६७ मध्ये ते बंदुका घेऊन थेट राज्याच्या विधानभवनात शिरले. दोन-तीन महिन्यांत मलफर्ड कायदा मंजूर, भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी. सही कुणाची? गव्हर्नर रेगनची. पाठिंबा कुणाचा? बंदूकवाल्यांच्या त्याच नॅशनल रायफल असोसिएशनचा, जी आज बंदुकीच्या हक्कासाठी ऊर बडवते. काळा हात दिसला आणि हक्क रातोरात आटला. आणि ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात एका काळ्या तरुणानं गाडी अडवणाऱ्या पोलिसाला स्वतःहून, नीट सांगितलं की माझ्याजवळ परवान्याचं पिस्तूल आहे. त्याला गाडीतच, बायको-पोरीसारख्या माणसांदेखत गोळ्या घातल्या. पोलीस सुटला.

काळ्यांनी बंदुका घेतल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. लुइझियानात १९६४ साली डीकन्स फॉर डिफेन्स उभे राहिले, क्लॅनच्या गाड्यांपासून रात्री वस्ती राखली. त्यांना माझा जयभीम. पण ते राखणदार होते. ते आकडे जुळवत बसले नाहीत.

त्याच पँथरचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर झाली. नाव घेतलं, तर त्यांच्या बंदुकीचं पुढं काय झालं तेही घ्यायला हवं. आणि आपल्याकडचा हिशेब तर आणखी जुना. बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडला: चातुर्वर्ण्यानं खालच्याला शस्त्र धरू दिलं नाही, म्हणून बंड झालं नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं सगळ्या नेटिवांना परवान्यात बांधलं आणि गोऱ्यांना मोकळं सोडलं. गोरे गेले, १९५९ चा कायदा आला. पिस्तूल खासगीत आयात करायची बंदी १९८० नंतरच्या दशकातली. त्यामुळं ज्यांच्या वाड्यात आधीपासून विलायती वेब्ली, वॉल्थर पडून होती त्यांची चांदी. जुनं लोखंड लाखांत गेलं. २०१९ च्या दुरुस्तीत एका माणसाला एकच हत्यार असं आधी मसुद्यात होतं. मंजूर होताना दोन झालं. वाडेवाल्यांचं ऐकू जातं.

तुझं ते पंचेचाळीस बोअर तर इथं प्रतिबंधित. विनापरवाना सापडलं तर किमान सात वर्षं. आमच्या वस्तीतल्या एका पोरानं जत्रेतलं छऱ्याचं पिस्तूल धरून फोटो टाकला, दोन रात्री चौकीत काढल्या, काम गेलं ते गेलंच. त्याच तालुक्यात एका बागायतदाराच्या वरातीत खऱ्या पिस्तुलाचे बार हवेत काढले. तेही २०१९ पासून गुन्हा आहे. फौजदार मांडवात जेवत होता.

आता मुद्द्याचं. अॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम किती जणांनी वाचलेत? नियम तीन काढा. जिथं अत्याचाराची शक्यता आहे तो भाग सरकारनं ठरवायचा. तिथं गरज वाटल्यास दलित-आदिवासी सोडून इतरांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारं सरकारजमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटल्यास आपल्या माणसांना परवाने द्यायचे. गरज वाटल्यास! कुणाला वाटायची? नियम १९९५ चा आणि लक्ष्मणपूर बाथे १९९७ चं. अठ्ठावन्न माणसं एका रात्रीत. २०१३ साली हायकोर्टातनं सगळे सुटले.

तेव्हा स्टेटसचं चित्र काढा आणि कागद घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मी केलाय, जिल्हाधिकारी कचेरीसाठी. प्रश्न तीन. आपल्या जिल्ह्यात नियम तीनखाली कुठली गावं ठरवली? १९९५ पासून किती परवाने रद्द झाले? अनुसूचित जाती-जमातीच्या किती जणांनी परवाना मागितला आणि किती जणांना मिळाला? दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. प्रत्येक तालुक्यातनं एक अर्ज गेला पाहिजे, वेगवेगळ्या सहीनं. माझी पाळी सकाळी सातला सुटते, कवी दोस्तानं पहिली सही करायला गेटावर यावं.