दिलेल्या घराचे भाडे

स्वतंत्र बिऱ्हाड थाटू पाहणाऱ्या मुलाला-सुनेला कृतघ्न ठरवण्याची आपली सवय जुनी आहे, आणि मराठीच्या वर्गात ती सुखेनैव नांदते आहे. 'नटसम्राट' 1970 साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपण शिकवत आलो की अप्पासाहेबांनी सर्वस्व मुलांत वाटले आणि मुलांनी त्यांना बेघर केले. मुलांचे वर्तन असमर्थनीयच आहे. पण अप्पासाहेबांच्या त्या देण्यात न बोललेली अट कोणती होती, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे क्वचितच ठेवतो.

आजच्या सुखवस्तू घरांत नेमकी हीच अट ठाण मांडून बसली आहे. पुण्यात 80 लाखांची सदनिका घ्यायची, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिच्यावर 80 टक्क्यांहून अधिक कर्ज मिळत नाही. उरलेले 16 लाख आणि वर मुद्रांक शुल्क तिशीतल्या जोडप्याने कोठून आणावे? ते आईवडील देतात. ही भेट असते. तिच्यावर प्राप्तिकरही लागत नाही. परंतु तिचे व्याज निराळ्या नाण्यात वसूल होते. नातवाची शाळा कोणती, दिवाळी कोणाकडे, सुनेने दुसऱ्या शहरातली नोकरी घ्यावी की नाही, या सगळ्यांवर मग 'एवढे केले तुमच्यासाठी' हे एकच उत्तर असते.

यावर कोणी म्हणेल, उपकार विसरावेत काय? मुळीच नाही. मात्र उपकार आणि मालकी यांतला भेद कायद्यालाही कळतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचे कलम 23 सांगते की सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. तेथे निदान अट कोणती, हे तरी पाहिले जाते. आपल्या घरांत ती उच्चारणे असभ्य आणि मोडणे मात्र पाप!

तरुणांनाही येथे सूट नाही. वडिलांच्या पैशाच्या तीन खोल्या आणि संपूर्ण स्वातंत्र्य, या दोन्ही गोष्टी एकदम मागणे हा लबाडीचा व्यवहार आहे. पैसे उसने असतील तर हप्ते लिहून द्यावेत. ते झेपत नसेल तर भाड्याच्या दोन खोल्यांत राहावे. आणि आईवडिलांनी भेट म्हणून दिले असेल, तर त्या घराची किल्ली स्वतःकडे ठेवू नये.

अप्पासाहेबांची शोकांतिका यामुळे लहान होत नाही. मात्र त्यांनी काय दिले याबरोबरच, देऊनही स्वतःकडे काय राखू पाहिले, हे विद्यार्थ्यांना विचारण्याचे धाडस आता आपण करायला हवे.