शिव्या ऐकून गप्प बसणं म्हणजे सब्र नव्हे

गेल्या उन्हाळ्यात मी पाण्याबद्दल लिहिलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यातला जवळपास निम्मा साठा आमच्या भातसा धरणात असतो, आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत बसतात. भातसानगरला राहणाऱ्याला हे दरवर्षी दिसतं, म्हणून लिहिलं. खाली माझं नाव होतं. नाव मुसलमानाचं, त्यातही मुलीचं.

दोन दिवसांत फोनवर निरोपांचा ढीग पडला. ‘पाकिस्तानात जा, तिथं पी पाणी’ हा त्यातला सर्वांत सभ्य. बाकीचे इथं देण्यासारखे नाहीत. तिसऱ्या दिवशी आपल्यातले आले. त्यांनाही टँकरशी देणंघेणं नव्हतं. फोटोत डोकं उघडं का, बापाला लाज नाही का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. गंमत बघा, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन्ही टोळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: या पोरीने लिहू नये.

मग सल्ले सुरू झाले. अम्मी म्हणाली, ‘जाऊ दे बेटा, सब्र कर.’ मैत्रिणी म्हणाल्या, ‘ट्रोल आहेत, लक्षच देऊ नकोस.’ शेजारचे चाचा म्हणाले, ‘नसती भानगड कशाला? आपली माणसं किती, दिवस कसले.’ सगळ्यांनी मायेनं सांगितलं. तरीही हे सल्ले चुकीचे आहेत, असं मी आज ठामपणे म्हणते.

शिवी देणाऱ्याला माझं मत बदलायचंच नसतं. मी त्याच्या लेखी गिऱ्हाईकच नाही. त्याचे खरे श्रोते म्हणजे बाजूला उभी राहून बघणारी माणसं. पुढच्या महिन्यात लिहायचं ठरवत असलेली किन्हवलीची किंवा मुरबाडची एखादी मुलगी हे सगळं वाचते आणि वही मिटते. म्हणजे मी ‘दुर्लक्ष’ केलं की माझं मन कदाचित शांत राहील, पण त्याचं काम फत्ते झालेलं असतं.

आणि सब्र या शब्दाला आपण किती स्वस्त केलंय! ताइफमध्ये पैगंबरांवर (स.) दगडफेक झाली, ते रक्तबंबाळ झाले. त्या लोकांच्या नाशाची त्यांनी इच्छा केली नाही. हे आपल्याला लहानपणी शिकवतात. पण ताइफहून परतल्यावर त्यांनी बोलणं थांबवलं नाही, हे शिकवताना आपला आवाज बारीक होतो. मक्केत त्यांना वेडा म्हटलं गेलं, जादूगार म्हटलं गेलं. कुरआनने हे आरोप झाकून ठेवले नाहीत. त्यांची नोंद केली आणि त्यांना उत्तर दिलं. सब्र म्हणजे तोल न सोडता काम चालू ठेवणं. तोंड शिवून घेण्याला दुसरा शब्द आहे.

मग करायचं काय? आधी निवडायला शिका. माझ्या त्या ढिगात एक निरोप असा होता: ‘तुम्ही दिलेली टँकरची संख्या गेल्या वर्षीची आहे, नीट बघून लिहा, उगाच विद्वत्ता पाजळू नका.’ भाषा खवचट होती, पण माणूस बरोबर होता. मी चूक दुरुस्त केली आणि त्याचे आभार मानले. ही टीका. ती कितीही तिरकस असो, तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक विरोधकाला ‘ट्रोल’ म्हणून हाकलणारा माणूस लेखक राहत नाही, त्याचा दरबार होतो.

दुसरी शिवी. तिला उत्तर नाही आणि जागाही नाही. काढून टाका, त्या माणसाला बंद करा. काही मित्र म्हणतात, हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात आहे. अजिबात नाही. त्याने त्याच्या अंगणात हवं ते ओरडावं. माझ्या ओट्यावर कोण बसणार, ते मी ठरवणार.

तिसरी धमकी. जिवाची, बलात्काराची, फोटो बदलून पसरवण्याची. इथे रागाच्या भरात काहीही पुसू नका. तारीख, वेळ, खात्याचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मूळ निरोप फोनमध्ये ठेवा, घरातल्या आणखी एकाला दाखवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे धमकी हा गुन्हा आहे आणि ती नाव लपवून दिली तर शिक्षा वाढते. बाईचा इंटरनेटवर पाठलाग करणं कलम ७८ मध्ये येतं, तिचा विनय दुखावणारे शब्द कलम ७९ मध्ये. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून पोलीस ठाण्याला तक्रार परतवता येत नाही, झिरो एफआयआरची सोय कायद्यातच आहे.

पण पोलिसांकडे धमकी घेऊन जा, दुखावलेल्या भावना घेऊन नको. हे मी पालघर आठवून म्हणते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर मुंबई बंद झाली. त्यावर फेसबुकवर एक साधा प्रश्न विचारणाऱ्या मुस्लिम मुलीला आणि तो ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या हिंदू मैत्रिणीला अटक झाली. मुलीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्या प्रकरणात वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, कारण ‘त्रासदायक’ आणि ‘अपमानास्पद’ या शब्दांत काहीही बसवता येत होतं. असला ढिला कायदा जमावाच्या हातात जातो आणि त्याचा पहिला फटका आपल्यालाच बसतो. तरीही आपली पोरं ऊठसूट भावना दुखावल्याच्या तक्रारी घेऊन ठाण्यात जातात, तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो.

चिकाटीने काय होतं, तेही पाहिलंय. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’वर मुस्लिम बायकांचे फोटो ‘लिलावाला’ लावले गेले. तक्रारी झाल्या, पण सहा महिने अटक नाही. १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ आलं. बायका पुन्हा उभ्या राहिल्या, मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांत विशीतली पोरं पकडली आणि मग जुन्या प्रकरणातही अटक झाली. त्या बायकांनी ‘दुर्लक्ष’ केलं असतं, तर तिसरा लिलावही लागला असता.

आता आपल्या घरातलं. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. मला दलवाईंचं सगळंच पटतं असं नाही. पण त्यांच्या वाट्याला समाजाकडून मुद्द्यांपेक्षा शिव्याच जास्त आल्या. त्या सात जणींची नावं आज आपल्यातल्या किती जणांना सांगता येतील? सूरह हुजुरातमध्ये टिंगल आणि वाईट नावं ठेवणं स्पष्ट शब्दांत मना केलंय. दीनच्या नावाने एखाद्या मुलीला घाणेरडं बोलणाऱ्याने आधी ते काढून वाचावं. बाहेरच्यांच्या शिव्यांचा निषेध करायचा आणि आपल्यांच्या शिव्यांना ‘नसीहत’ म्हणायचं, हा दुटप्पीपणा आता बंद व्हायला हवा.

दोस्तांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. आपल्यातल्या कुणावर अशी धाड पडली की ‘हिंमत ठेव’ असा खासगी निरोप पाठवून मोकळे होऊ नका. त्याच दिवशी, उघडपणे, तिच्या मुद्द्यावर लिहा. पाण्याबद्दल असेल तर पाण्यावर, तलाकबद्दल असेल तर तलाकवर. तुमचं मत वेगळं असेल तर तेही लिहा, पण माणसासारखं. आणि शिवी देणारा तुमचा मित्र असेल, तर त्याला थांबवायची जबाबदारी तुमची आहे, तिची नाही.

मला त्या आठवड्यात असे खासगी निरोप बरेच आले. उघडपणे दोघेच बोलले. त्यातला एक तो टँकरवाला, ज्याने माझी चूक काढली होती. यंदा पुन्हा उन्हाळा येईल, पाडे पुन्हा टँकरची वाट बघतील आणि मी पुन्हा लिहीन, नावासकट. त्या वेळी दोघांहून जास्त जण दिसावेत.