बॅटरीचा पाना : घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून

खरिपाची पेरणी तोंडावर आली कीं शेतकऱ्याच्या घरीं अवजारांच्या दुरुस्तीची एकच धांदल उडते. नांगराचे फाळ बदलावयाचे असतात, रोटाव्हेटरचीं झिजलेलीं पातीं काढावयाचीं असतात, ट्रॉलीचें चाक खोलावयाचें असतें. ४२ पात्यांचा रोटाव्हेटर असेल तर, पात्यास दोन बोल्ट या हिशेबानें, ८४ बोल्ट सोडून पुन्हां आवळावे लागतात. आणि वर्षभर चिखलमातींत राहून गंजलेले बोल्ट साध्या पान्यास दाद देत नाहींत. दोन गड्यांचा सबंध दिवस त्यांतच जातो. वापसा आला त्याच दिवशीं असा खोळंबा झाला तर त्याची किंमत मजुरीच्या हिशेबानें होत नाहीं, पिकाच्या हिशेबानें करावी लागते. म्हणून गॅरेजवाल्यांचा बॅटरीचा पाना, ज्यास ते इम्पॅक्ट रेंच किंवा नुसती ‘गन’ म्हणतात, तो आतां शेतकऱ्यांकडेही दिसूं लागला आहे, हें योग्यच झालें. आमचा आक्षेप त्या हत्यारास नाहीं. तें ज्या रीतीनें विकत घेतलें जातें त्या रीतीस आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल या शंकेनें लोक तो घेईनात. आज नेमका उलट रोग जडला आहे. खोक्यावर जो आकडा छापलेला असेल तो खरा, आणि जितका मोठा तितकें हत्यार चांगलें, असें आपण धरून चालतों.

प्रथम व्होल्टचा आकडा घेऊं. या हत्यारांच्या बॅटरींत लिथियमचे सेल ओळीनें जोडलेले असतात. एका सेलाचे सामान्यतः ३·६ व्होल्ट. पांच सेलांचे १८. तीच बॅटरी पूर्ण भरली असतां प्रत्येक सेल चार व्होल्टांच्या थोडा वर जातो, म्हणून कोणी तिला २० म्हणतो, कोणी २१. वस्तु एकच, नांवें तीन. पण ४८, ८८ किंवा १२८ असे आकडे घालून जीं स्वस्त हत्यारें विकलीं जातात, त्यांतही बहुधा हीच पांच सेलांची ओळ असते. म्हणून खोक्यावरील मोठीं अक्षरें सोडून बॅटरीच्या बुडाशीं लिहिलेले व्होल्ट व अँपिअर-तास पाहावे. दोहोंचा गुणाकार हा विजेचा खरा सांठा : १८ व्होल्ट व २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास, १८ व ५ म्हणजे ९०.

दुसरा आकडा जोराचा. तो न्यूटन-मीटरांत देतात. पान्यास एक मीटर लांब पाइप घालून ७० किलो वजनाचा गडी त्याच्या टोकावर भार देऊन उभा राहिला, तर सुमारें ६९० न्यूटन-मीटर जोर पडतो. म्हणजे आपला जुना पाइप कांहीं कमी नाहीं. बॅटरीच्या पान्याची करामत निराळी आहे : त्यांतील फिरता हातोडा मिनिटास दीड-दोन हजार ठोके देतो, त्यामुळें गंजाची पकड मोडते आणि मनगटास हिसका बसत नाहीं. पण येथेंही दोन आकडे असतात, एक आवळण्याचा व दुसरा सोडविण्याचा. मकिता कंपनीच्या डी. टी. डब्ल्यू. १००२ या हत्यारास आवळण्याचा जोर १,००० व सोडविण्याचा १,६०० न्यूटन-मीटर दिलेला आहे. दुकानदार ज्याचा आकडा मोठा तोच सांगतो. तुलना करावयाची तर आवळण्याचा आकडा दुसऱ्याच्या आवळण्याच्या आकड्याशींच करावी. पात्यांच्या बोल्टांस ३०० चें हत्यार बहुधा पुरतें. ट्रॅक्टरच्या मागील चाकास व जुन्या गंजलेल्या बोल्टांस १,००० च्या आसपासचेंच घ्यावें, असें आमचें मत आहे.

टिकाऊपणाची परीक्षा मात्र आकड्यांत नाहीं. कार्बन ब्रश नसलेली मोटर घ्यावी. ती कमी तापते व ब्रश बदलण्याची कटकट राहत नाहीं. हातोड्याभोंवतींचें कवच धातूचें असावें. गोट्या, म्हणजे सॉकेटें, ठोके सोसणाऱ्या काळ्या पोलादाच्या व सहा कोनी असाव्या. हातपान्याच्या चकचकीत गोट्या या हत्यारास लावूं नयेत. त्या फुटून तुकडा डोळ्यांत जाण्याचें भय असतें. बॅटरी उन्हांतील ट्रॅक्टरच्या पेटींत टाकूं नये, आणि तापलेली असतां लगेच चार्ज करूं नये. वैशाखांत पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या मुलखांत बॅटरीचा मोठा शत्रु उष्णता हाच होय.

आणखी एक इशारा. आमच्या पाहण्यांतील एका गृहस्थांनीं ट्रॉलीच्या चाकाचे नट गननेंच करकचून आवळले. उसाच्या पहिल्याच खेपेस दोन स्टड तुटले; चाक निखळलें नाहीं हें दैव. सोडविण्यास गन वापरावी. आवळतांना मात्र नट बसेपर्यंतच, आणि शेवटचा जोर यंत्राच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें टॉर्क पान्यानें द्यावा. पांच मिनिटें वांचविण्यासाठीं रस्त्यावरील माणसाचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. चांगलें हत्यार महाग असतें, आणि एका घरीं तें वर्षांतून पंधरा-वीस दिवसच चालतें. लिथियमची बॅटरी तर न वापरतांही वयानें क्षीण होत जाते. म्हणजे पांच घरांनीं पांच हलक्या गन घेतल्या तर पांच बॅटऱ्या फळीवरच म्हाताऱ्या होणार. त्याऐवजीं पांचांनीं मिळून एक दणकट पाना व दोन बॅटऱ्या घ्याव्या. ‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण आम्हांस ठाऊक आहे. पण घोडें मरतें तें भागीमुळें नव्हे, जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळें. हत्यार एकाच घरीं राहावें, नेण्याआणण्याची वहींत नोंद व्हावी, दर दिवसाचें ठराविक भाडें घेऊन त्यांतून पुढील बॅटरीची तरतूद व्हावी. आणि घेण्यापूर्वीं दुकानदारास एकच प्रश्न विचारावा : हें बिघडलें तर तालुक्याच्या गांवीं सुटे भाग मिळतील काय व दुरुस्ती कोण करील ? याचें उत्तर ज्याला देतां येत नाहीं, त्याचें हत्यार कितीही स्वस्त असलें तरी शेतकऱ्यास महागच पडेल.

ज्याचें एवढें काम नाहीं त्यानें जुना पाना व मीटरभर पाइप यांवरच भागवावें. त्यांत कमीपणा नाहीं. हत्यार दाराशीं आलें एवढ्यानें काम होत नाहीं. वापशाच्या दिवशीं तें चाललें पाहिजे. आमच्या सभासदांनीं खरेदीपूर्वीं हीच एक कसोटी लावावी, एवढीच विनंति.