मांजराला इन्सुलिन : भीती नको, अंदाजही नको

"डॉक्टर, आमच्या मनीला डायबेटिस निघालाय. माझंच इन्सुलिन तिला थोडं दिलं तर?" इंदिरानगरच्या दवाखान्यात एका पेशंटने परवा विचारले. मी माणसांचा डॉक्टर. मनीचे औषध आणि डोस पशुवैद्यच ठरवतील. तरी दोन गोष्टी सांगतो.

एक, इन्सुलिन हा शेवटचा उपाय नव्हे. ते लवकर सुरू केले आणि दूध-पोळी बंद करून योग्य आहार दिला, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे थांबतेही. मात्र घाबरल्यानेही मांजराची साखर वाढते, म्हणून एकाच तपासणीवर निदान नको.

दोन, अंदाजाने डोस देऊ नका. इन्सुलिनच्या बाटल्या ४० आणि १०० युनिट अशा दोन ताकदीच्या असतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी. १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजने भरले, तर डोस अडीचपट जातो. एवढ्याशा जिवाला तो जीवघेणा ठरू शकतो.

मनी जेवली नाही, तर इंजेक्शनआधी पशुवैद्यांना फोन करा. ती झोकांड्या खाऊ लागली, तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच त्यांच्याकडे न्या.